कोरोनातून उठून पंधराच दिवस झाले असतील, तर परदेशप्रवासाला निघावे का?

आपण लिहिले आहे की रिपोर्ट निगेटिव्ह आला आहे, तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत आणि घरचे सगळे ‘आता काय झालंय, जा’ असे म्हणत आहेत. माझे उत्तर सरळ आहे: इतक्यात जाऊ नये.

जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत मला व पत्नीला एकाच आठवड्यात कोरोना झाला, तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जाण्याची आमची तिकिटे 2 फेब्रुवारीची होती. डिंकाचे लाडू आणि बाळंतविडा घालून भरलेल्या बॅगा सांगलीच्या मार्केट यार्डातल्या मित्राच्या काट्यावर 23-23 किलो तोलूनही झाल्या होत्या. कागदोपत्री अडचण काहीच नव्हती. अमेरिकेला त्या वेळी विमानात बसण्यापूर्वी एका दिवसाच्या आतली निगेटिव्ह चाचणी चालत असे, किंवा 90 दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि सोबत बरे झाल्याचे डॉक्टरांचे पत्र. ते पत्र माझ्या खिशात होते.

निघण्याच्या तीन दिवस आधी पहाटे आयर्विन पुलावर फिरायला गेलो. निवृत्तीपासून जो पूल मी रोज न थांबता जाऊन-येऊन ओलांडतो, त्याच्या निम्म्यावर कठडा धरून उभे राहण्याची वेळ आली. घरी येऊन बोटाला ऑक्सिमीटर लावून अंगणात सहा मिनिटे चाललो, तर बसल्या जागी 97 असलेला आकडा 92 वर उतरला. विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवतात. आपले महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, यावरून त्या हवेत पंधरा तास बसणे म्हणजे काय याचा अंदाज यावा. त्याच दुपारी मी तारीख पुढे ढकलली.

आमच्या साडूंच्या मते तो निव्वळ भित्रेपणा होता. ‘रिपोर्ट निगेटिव्ह असताना अडवलं कोणी?’ हा त्यांचा प्रश्न गेल्या दिवाळीत भर पंगतीत पुन्हा निघाला. निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ, आपल्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता कमी झाली, एवढाच. छातीत किती दम उरला आहे, हे त्यावर लिहिलेले नसते. उलट ठणठणीत बऱ्या झालेल्या माणसाचीही आरटी-पीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण निर्जीव विषाणूचे अवशेषही तिच्यात सापडतात. तारीखबदलाचा भुर्दंड मी भरला, साडूंनी नव्हे. आणि परक्या देशात दवाखान्यात पडलो असतो, तर विमा कंपनीने पॉलिसीआधीचे दुखणे म्हणून हात वर केले असते, याबद्दल मला फारशी शंका नाही.

नातवाला आम्ही प्रथम मोबाइलवर पाहिले, फोन ठेवल्यावर ही स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि लाडू शेजाऱ्यांत वाटून टाकावे लागले, हे मात्र लपवत नाही. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे 27 मार्चला सुरू झाल्यावर एप्रिलमध्ये आम्ही गेलो, आणि विमानतळावर दोन्ही बॅगा मीच उचलल्या.

मी डॉक्टर नव्हे, शिक्षक होतो, हे आधीच सांगायला हवे होते. आपण तिशीतले असाल, ताप जाऊन बरेच दिवस झाले असतील आणि दोन जिने चढून धाप लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवून जाण्यास हरकत नसावी. तिकिटाचे पैसे परत मिळत नसले, तरी तारीख बदलून मिळते का, हे विमान कंपनीला आजच विचारा. विमान सुटून गेल्यावर बहुधा तेही हातचे जाते.