वडील व्हॉट्सॲपवर रोज अजब माहिती पाठवतात. त्यातले खरे-खोटे कसे ओळखावे आणि त्यांना न दुखावता कसे सांगावे?

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ठाण्यात नौपाड्यात राहतात आणि सकाळच्या चहाबरोबर दिवसाचा पहिला फॉरवर्ड मला नेरूळला पाठवतात. त्यामुळे तुमचा प्रश्न मला घरचाच वाटला. गेली काही वर्षे मी त्यांचे फॉरवर्ड नुसते वाचत नाही, तर तपासते, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. अजब माहितीचे बहुतेक फॉरवर्ड मुळापासून रचलेले नसतात. एखाद्या खऱ्या गोष्टीतून काहीतरी गळून पडते आणि उरलेले फिरू लागते. कधी तारीख गळते, कधी गाव, तर कधी एकच शब्द. म्हणून फॉरवर्ड हातात आला की यातून काय गळाले असेल, हे मी आधी शोधते.

दर दिवाळीला तुमच्याही फोनवर एक चित्र येत असेल. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे आणि लाल ठिपके, आणि खाली मजकूर की नासाने दिवाळीच्या रात्री अवकाशातून टिपलेला हा भारत. चित्र उपग्रहांच्या नोंदींवरूनच केलेले आहे, पण ते एका रात्रीचे नाही. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी वर्षानुवर्षे टिपलेल्या रात्रीच्या उजेडाच्या नोंदी एकत्र करून ‘नोआ’ या तिथल्या सरकारी संस्थेतील शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी ते २००३ साली तयार केले. वस्ती कशी वाढत गेली हे त्यातून दाखवायचे होते. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ मध्ये नव्याने दिसू लागलेले निळे, १९९८ मधले हिरवे आणि २००३ मधले लाल. रंगांची ही सूची चित्राबरोबर फिरली नाही, आणि रंगीत ठिपके पाहून लोकांना आकाशकंदील आठवले. पुढे २०१२ मध्ये नासाने दिवाळीच्या सुमाराचे, १२ नोव्हेंबरच्या रात्रीचे, खरे छायाचित्र प्रसिद्ध केले. ते इतर कोणत्याही रात्रीसारखे दिसते, कारण आपल्या पणत्या, माळा आणि कंदील यांचा वाढीव उजेड शहरांच्या रोजच्या उजेडापुढे अवकाशातून जाणवण्याइतका नसतो.

मी हे सांगायला लागले तेव्हा अण्णा आधी नाराज झाले. “अगं, एवढे सुंदर चित्र आहे, त्यात कसली खोट काढतेस?” असे ते म्हणाले. मग मी रंगांची सूची वाचून दाखवली. ते थोडा वेळ चित्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे कुठे दिवे कधी लागले, त्याचा हा हिशेब आहे तर.” त्यानंतर त्यांनी नातवाला शेजारी बसवून चष्मा सावरत बोटाने एकेक ठिपका मोठा करून दाखवला. चित्र त्यांनी टाकून दिले नाही, त्यांना ते अधिक आवडले. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर मला त्या संध्याकाळी मिळाले. गळालेला भाग परत आणून दिला की माणसाला आपली चूक काढली असे वाटत नाही, आपल्याला काही मिळाले असे वाटते.

दुसरे उदाहरण माझ्या घराजवळचे आहे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी सुरू असताना नेरूळ-सीवूड्सच्या तळावे पाणथळीचे फोटो देशभर फिरले, ज्यांत पाणी दिसत नव्हते इतके फ्लेमिंगो होते. मजकूर असा, की माणूस घरात बसला, खाडी स्वच्छ झाली आणि निसर्ग परतला. फोटो खरे, गाव खरे, महिनाही खरा. गळाली होती ती आधीची सगळी वर्षे. कच्छकडून येणारे हे पक्षी दर हिवाळ्यात ठाणे खाडीत उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राहतात. त्यांच्यासाठीच २०१५ मध्ये खाडीचा भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. टाळेबंदी मार्चच्या अखेरीस लागली, आणि पक्षी त्याच्या कितीतरी आधी येऊन बसले होते. त्या वर्षी संख्या वाढली होती हेही खरे आहे. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या अभ्यासकांनी आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २५ टक्के वाढीचा अंदाज दिला होता. मात्र त्यांनी सांगितलेले एक मोठे कारण दोन वर्षांपूर्वीच्या चांगल्या विणीचे होते, कारण त्या विणीतली तरुण पाखरे आता मोठ्या संख्येने इकडे आली होती. सामसूम होती म्हणून ती निवांत बसली, इतपत श्रेय टाळेबंदीला देता येते.

खाडी स्वच्छ झाली म्हणून ते आले, हे म्हणणे तर जवळजवळ उलटे आहे. इथे मोठ्या संख्येने दिसणाऱ्या लहान जातीच्या (लेसर) फ्लेमिंगोचे मुख्य अन्न म्हणजे निळे-हिरवे शैवाल, आणि आपल्या खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यावर ते चांगले पोसते. मी दुर्बिणीतून पाहिले आहे: पक्षी मान वाकवून डोके चक्क उलटे करतो, चोच चिखलपाण्यात घालून पंपासारखे पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडांच्या जाळीत शैवाल अडकवतो. त्याचा गुलाबी रंगही तिथूनच येतो, अन्नातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांतून. पिल्ले जन्मतः करडी असतात, आणि त्यांना अन्ननलिकेतून स्रवणारे लालसर दूध पाजताना आईबापांचा रंग फिका पडतो, म्हणजे पिल्लांना पोसण्यात त्यांचा गुलाबीपणा खर्च होतो. ज्या फॉरवर्डमधून एवढे सगळे वगळले गेले, त्याला मी अजब माहिती म्हणायला तयार नाही.

एकच शब्द गळण्याचे उदाहरण ठाणेकरांना ठाऊक आहे. दर १६ एप्रिलला अण्णा अभिमानाने लिहितात की भारतातली पहिली रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आली. यात ‘प्रवासी’ हा शब्द हवा. बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन ठाण्याला आलेली ती गाडी पहिली प्रवासी गाडी होती. त्याआधी १८५१ मध्ये रुडकीजवळ सोलानी नदीवरच्या जलसेतूच्या कामासाठी माती वाहून नेणारी वाफेची गाडी धावली होती. हा शब्द आता ते आठवणीने घालतात.

मात्र सगळेच गळणे असे निरुपद्रवी नसते, आणि म्हणूनच मला या विषयाची इतकी तळमळ आहे. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवांबरोबर एक व्हिडिओ फिरत होता, ज्यात मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. तो व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवला होता. मूळ व्हिडिओच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कोणीतरी शेवटचे ते काही क्षण कापले. त्याच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. तुमचे वडील तोच फॉरवर्ड पाचापाचांच्या खेपांनी पाठवत असतील, तर त्याचे मूळ इथे आहे.

मुळापासून रचलेले खोटेही असते, अर्थात. नोटाबंदीनंतर २००० च्या नोटेत उपग्रहाला सापडणारी चिप असल्याचे काही वृत्तवाहिन्यांनीसुद्धा रंगवून सांगितले, आणि तशी कोणतीही चिप नव्हती. बीबीसीने १ एप्रिल १९५७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाडावरून स्पॅगेटी तोडणाऱ्या कुटुंबाची बातमी दाखवली, तेव्हा कित्येकांनी रोप कसे लावायचे असे विचारणारे फोन केले, कारण त्या काळी ब्रिटनमध्ये हा पदार्थ फारसा परिचित नव्हता आणि निवेदकाचा आवाज रोजच्या विश्वासाचा होता. अशा वेळी गळालेला तुकडा शोधून उपयोग नाही. ज्याच्या नावाने दावा केला आहे, त्याने तो कुठे केला आहे का, एवढेच पाहायचे. नोटेची माहिती रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते, आणि तिथे ती नसेल तर ती नाही.

चित्र तपासणे आता अवघड राहिलेले नाही. फोटो साठवून गूगल लेन्समध्ये घाला आणि तो सर्वांत जुना कुठे दिसतो ते बघा. आजच्या घटनेचा म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला की काम झाले. व्हिडिओ असेल तर ज्या क्षणी दुकानाची पाटी, गाडीचा नंबर किंवा कपड्यावरची अक्षरे दिसतात, तिथे थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तोच शोधा. नुसता मजकूर असेल, तर त्यातले सर्वांत नेमके वाक्य जसेच्या तसे शोधा. मला बहुतेक वेळा दहा मिनिटे पुरतात.

वडिलांशी बोलताना दोन गोष्टी सांभाळा. त्यांना नातेवाइकांच्या ग्रुपवर सर्वांदेखत उत्तर देऊ नका, फोन करा किंवा वेगळा संदेश पाठवा. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना चारचौघांत खोडून काढले की विषय बाजूला पडतो आणि मान-अपमान उरतो. दुसरे म्हणजे खोटे वाक्य पुन्हा लिहून त्यावर फुली मारू नका, सुरुवात खऱ्याने करा. वारंवार कानावर पडलेले विधान नुसत्या ओळखीमुळे खरे वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच दाखवून दिले आहे, आणि आपल्या खंडनातही ते विधान आणखी एकदा कानावर पडतेच. ट्विटरवरच्या सुमारे सव्वा लाख बातम्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला, त्यात खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त आढळली. हे काम यंत्रांपेक्षा माणसांचे होते आणि संशोधकांच्या मते नवलाईची ओढ त्यामागे होती. तुमच्या वडिलांचे तेच होत असावे. नवल वाटणे हा काही दोष नाही. त्यांना खरे नवल पुरवत राहा.

तुम्ही मुंबई-ठाण्याच्या आसपास राहत असाल, तर येत्या हिवाळ्यात, जानेवारीनंतर, त्यांना तळाव्याला घेऊन या. भरतीचे वेळापत्रक आधी पाहून ठेवा: ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात दूर चरत असतात, आणि भरतीचे पाणी चढू लागले की थव्याथव्याने या पाणथळीत येऊन उतरतात. भरतीच्या तासभर आधी काठावर पोहोचा, दुर्बीण वडिलांच्या हातात द्या आणि थव्यातली करडी तरुण पाखरे त्यांनाच शोधू द्या.