भरपाई कसली, आणि कुणाला?

“ताई, माझ्या अभ्यासापायी लेकराचे हाल तर होत नाहीत ना?”

पालकांशी बोलण्याच्या माझ्या कामात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की तो विचारण्याआधीची चुळबूळही आता ओळखू येते. विचारणाऱ्या जवळपास सगळ्या आयाच. कुणी पीएचडी करत असते, कुणी नर्सिंगची पुढची पदवी, अलीकडे लॉ करणाऱ्या बऱ्याच भेटतात. बाबालोक शिकत नाहीत असं नाही, पण ते येतात तेव्हा “घरात वाचायला शांतता कशी मिळेल” असं विचारतात. या फरकावर स्वतंत्र लेख होईल, तूर्त बाजूला ठेवते.

लॉ आणि लहान मूल ही जोडी खरंच अवघड. निकालपत्र तुटक वाचता येत नाही. तिसऱ्या पानावरच्या तथ्यावर तिसाव्या पानावरचं कारण उभं असतं आणि मध्ये दोनदा उठावं लागलं की पुन्हा पहिल्यापासून. दोन-अडीच वर्षांचं मूल सलग वीस मिनिटं देईल तर शपथ.

अशीच एक जण माझ्याकडे काही महिने येत होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मनातल्या मनात मी तिला वकीलबाई म्हणायचे. लॉचं दुसरं वर्ष, अडीच वर्षांची मुलगी, नोकरी करणारा नवरा. तक्रार एका वाक्यात होती: “मी ना धड आई, ना धड विद्यार्थिनी.”

बोलता बोलता दुसरीच गोष्ट बाहेर आली. मुलगी झोपली की ही बाई पुस्तक उघडत नसे. पुठ्ठा, फेल्ट, कात्री, डिंक घेऊन बसायची, ते मध्यरात्र उलटेपर्यंत. फेल्टचं शिवलेलं पुस्तक, पुठ्ठ्याचं घर, मोज्यांच्या बाहुल्या. हातात कला होती, प्रश्नच नाही. मोबाइलमधले फोटो दाखवताना चेहराही खुलायचा.

“सुंदर आहे. ती किती वेळ खेळते याच्याशी?”

“पाच मिनिटं. मग ज्या खोक्यात सामान आलेलं असतं ना, त्यात जाऊन बसते.”

“आणि तू?”

“मला रडू येतं, ताई. दिवसभर मी पुस्तकात डोकं घालून बसते. निदान एवढं तरी तिच्यासाठी करावं म्हणून जागते, आणि तिला त्याचं काहीच नसतं.”

पुढच्या वेळी लेकीला आणि ते फेल्टचं पुस्तक घेऊन ये म्हटलं. मुलगी आली, जमिनीवर फतकल मारून बसली. पुस्तकात निळं तळं होतं आणि वेल्क्रोने चिकटणारा नारिंगी मासा. तिने मासा ओढला. खर्र. परत दाबला, परत ओढला. खर्र. तिला मासा नकोच होता, आवाज हवा होता. आई मध्ये मध्ये सांगत होती, “अगं, मासा पाण्यात ठेव ना. बघ, तळं कुठाय?” मुलीने एकदा आईकडे पाहिलं, मासा बाजूला टाकला आणि आईच्या पिशवीतून खुणेच्या रंगीत चिकटपट्ट्यांचं पाकीट काढलं. ज्या वकीलबाई कायद्याच्या पुस्तकात लावतात, त्याच. एकेक पट्टी सोडवून ती आईच्या हातावर चिकटवत सुटली, मनगटापासून कोपरापर्यंत. आई हसली, आणि त्या हसण्यावर मुलगी अशी खूश झाली की पाकीट संपेपर्यंत दोघींना मी खोलीत आहे याचं भान नव्हतं.

मी काही बोलले नाही. पाहिलं, ते लक्षात ठेवलं.

या वयाच्या मुलांना वस्तू कुणी किती खपून केली याच्याशी देणंघेणं नसतं. ओढणं, फाडणं, चिकटवणं, रिकामं करणं आणि परत भरणं, यातच त्यांचा अभ्यास चालू असतो. आणि आई ज्यात गढलेली असते त्यात त्यांना शिरायचं असतं. त्या मुलीला आईचं कायद्याचं पुस्तक शत्रू वाटत नव्हतं, तिला त्यात भागीदारी हवी होती. रात्रीचा सगळा खटाटोप मात्र तिला त्या पुस्तकापासून दूर, एका सुबक तळ्याकाठी बसवण्यासाठी चालला होता.

हे मी त्याच दिवशी सांगितलं असतं तर तिने वहीत उतरवून घेतलं असतं आणि घरी जाऊन आणखी एक बाहुली शिवली असती. असल्या गोष्टी सांगून पटत नाहीत, असं माझं जुनं मत आहे. माणूस स्वतःच्या भाषेत स्वतःला सापडावा लागतो. तिची भाषा कायद्याची होती.

म्हणून एका भेटीत विचारलं, “सध्या काय वाचतेयस?”

“टॉर्ट्स. म्हणजे दुसऱ्याचं नुकसान केल्याबद्दलच्या भरपाईचा कायदा. त्यातला निष्काळजीपणा.”

“मला शिकव. समज, मी पहिल्या वर्षाला आहे.”

ती ताठ बसली. भरपाई मागायची तर काय काय सिद्ध व्हावं लागतं, ते बोटांवर मोजत सांगू लागली. काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, ते मोडलं, त्यामुळेच नुकसान झालं, आणि ते कायद्याने दखल घेण्याजोगं आहे.

“नुकसानच झालं नसेल तर?”

“मग दावाच नाही.”

“मग रात्री तू जी भरपाई देतेस, ती कुठल्या नुकसानाची?”

बराच वेळ शांतता. मग मी एकेक विचारत गेले. लेक झोपते का नीट? हो. खेळते, हसते? हो. बोलणं? अखंड. तू अभ्यासाला निघालीस की रडते का? रडते, पण नवरा म्हणतो लगेच रमते. परत आलीस की? धावत येते.

“म्हणजे पुरावा…”

“नाही,” ती म्हणाली. मग लगेच, “पण ताई, कायदा असा सोडत नाही. नेटलशिप विरुद्ध वेस्टन.” आणि तिने वही उघडून दाखवली. पान भरून लाल रेघा.

इंग्लंडमधला १९७१ सालचा निकाल. वेस्टनबाई गाडी शिकत होत्या, ओळखीतले नेटलशिप त्यांना शिकवत होते. तिसऱ्याच धड्याला वळण घेतल्यावर बाईंना स्टिअरिंग सरळ करता आलं नाही, गाडी दिव्याच्या खांबावर गेली आणि नेटलशिप यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. अपील न्यायालयाने ठरवलं की शिकाऊ चालकालाही कसलेल्या चालकाचंच माप लागेल. न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्या म्हणण्याचा आशय असा, की शिकाऊ माणूस आपल्या परीने सगळं करत असेलही, पण त्याचं ते अडखळतं सगळं पुरेसं नाही.

हे वाक्य तिने वहीत चौकटीत लिहिलं होतं. परीक्षेसाठी लिहिलं होतं, आणि वर्षभर स्वतःला लावत होती. शिकाऊ आई आहेस, म्हणून सवलत नाही.

मला कायदा कळत नाही, पण लावलेलं माप कळतं. मी विचारलं, “कसलेला चालक म्हणजे कधीच न चुकणारा का?”

“नाही. वाजवी काळजी घेणारा. निर्दोष असण्याची अट नाही.”

“आणि त्या शेजारी बसलेल्या गृहस्थांचं काय झालं?”

“त्यांना भरपाई मिळाली. पण निम्मीच.”

“का?”

“कारण गिअर, हँडब्रेक ते बघत होते. गाडी दोघं मिळून चालवत होते, म्हणून बहुमताने दोघांना सारखंच जबाबदार…” इथे ती थांबली. खिडकीकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “ताई, मी हा निकाल इतक्यांदा वाचला. शेजारच्या सीटवर कुणीतरी होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजके येतात. मी फक्त विचारत होते. जोडणी तिची, आणि ती तिच्या वहीतून निघाली, म्हणूनच टिकली. माझ्या तोंडून आली असती तर दोन दिवसांत विरली असती.

डोनाल्ड विनिकॉट हे लंडनमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. माझा त्यांच्याकडे ओढा आहे, हे लपवत नाही. पुरेशी चांगली आई असते तरी कशी, हे त्यांनी १९५३ मध्ये मांडलं. सुरुवातीला ती बाळाच्या गरजांशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते आणि मग मुलाला सोसवेल त्या बेताने हळूहळू कमी जुळवते. तिचं हे थोडं कमी पडणं मुलाच्या वाढीला लागतं, कारण त्यातूनच त्याला कळतं की जग आपल्या इच्छेबाहेरही आहे आणि तरी भरवशाचं आहे. आईला सांभाळणारंही कुणी लागतं, यावर त्यांचा तेवढाच भर होता, पण तो भाग घरोघरी सोयीने विसरला जातो.

ज्यांना आकड्यांशिवाय चैन पडत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने तेराशेहून जास्त मुलांचा जन्मापासून माग ठेवला. १९९७ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की आईखेरीज इतर कुणी सांभाळलं, एवढ्याने मुलाचं आईशी असलेलं नातं डळमळीत होत नाही. धोका वाढलेला दिसला तो आई स्वतः मुलाच्या इशाऱ्यांना फारसा प्रतिसाद देत नसताना, आणि त्यात भर म्हणून बाहेरचा सांभाळ निकृष्ट, जास्त तासांचा किंवा वारंवार बदलणारा असताना. वकीलबाईंची लेक हातभर पट्ट्या चिकटवत होती आणि आई हसत होती. इशारा गेला होता, उत्तर आलं होतं.

त्यानंतर नवऱ्याला बोलावलं. भला माणूस. “मी मदत करतोच की,” म्हणाला. मदत आणि जबाबदारी यांतला फरक वकीलबाईंनीच त्याला समजावला, तोही कलमवार. मी ऐकत बसले. ठरलं ते साधं: संध्याकाळचे दोन तास मुलगी त्याची, आणि तिचे कपडे कुठे आहेत हे विचारायला त्याने दारावर टकटक करायची नाही. पहिल्या आठवड्यात मुलगी दारापाशी बसून रडली. त्याने तिला उचललं, रडू दिलं, जवळ घेऊन बसला. नंतर तीच बाबाला दाराकडे बोट दाखवून “आई अब्यास” सांगायला लागली.

कलाकुसर बंद करायला मी सांगितली नाही. तो तिचा विरंगुळा होता, तो काढून घेण्यात काय शहाणपण? फक्त रात्रीची दिवसा आणली आणि एकटीची दोघींची केली. तिला १९३२ चा डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन पाठ करायचा होता, तो बाटलीतल्या गोगलगायीचा खटला. तोच तिने लेकीला गोष्ट म्हणून सांगितला. एक बाई असते, ती बाटलीतलं पेय पिते, आणि बाटलीत काय असतं? कागदाची पट्टी गुंडाळून दोघींनी गोगलगाय केली, लेकीच्या हातची असल्याने ती गोगलगाय कमी आणि बोळा जास्त होती. गोष्ट रोज परत सांगावी लागे, आणि रोज सांगून सांगून आईला निकालातले मुद्दे तोंडपाठ झाले. यामागे कारण आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे सरस ठरतात, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत न बघता आठवून काढणारे पुढे असतात. वाचायला एकांत लागतो, आठवायला लागत नाही. कपड्यांच्या घड्या घालताना मनात एक निकाल मांडता येतो: तथ्यं काय, मुद्दा काय, ठरलं काय, का.

टाळायचं ते एकच, मांडीवर मूल आणि मांडीसमोर उघडं पुस्तक. त्यात वाचन होत नाही, मूल दर मिनिटाला आपण आहोत याची आठवण देत राहतं, आणि शेवटी आवाज चढतो. त्यापेक्षा वीस मिनिटं पूर्ण तिची, फोनसुद्धा दुसऱ्या खोलीत. खेळ काय, ते तिने ठरवायचं. पट्ट्या चिकटवायच्या असतील तर हात पुढे करायचा. तिला स्वतःची एक जुनी वही आणि जाड खडू दिले की आईचं पुस्तक बऱ्यापैकी बचावतं. बऱ्यापैकीच.

घरी खेळणी करणाऱ्यांना एक सूचना. तीन वर्षांखालच्या मुलासाठी बटणं, मणी, डोळ्यांचे गोळे शिवू नका, कितीही पक्की शिवण असली तरी. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती या वयाच्या हाती नको. चुंबकाचे तुकडे आणि बटणासारखे सेल तर घराच्या त्या भागातच नकोत.

आणि प्रत्येक काळजी अशी बोलून सुटणारी नसते. मूल आधी बोलत असलेले शब्द बोलेनासं झालं, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, कुणाच्याच जवळ शांत होत नसेल, तर आईचा अभ्यास हे कारण धरून बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आईला मूल झोपल्यावरही झोप येत नसेल, दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, आपण नसलेलं बरं असं मनात येत असेल, तर वेळापत्रक मांडत बसू नका, त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.