समीकरण जुळतं, तरी चुकतं का?

प्रश्न : हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होण्याचं समीकरण लिहिताना उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी पडत होता. मी पाण्याचं सूत्र एच₂ओ₂ केलं, दोन्ही बाजू जुळल्या. तरी गुण का गेले?

उत्तर : कारण ते पाणी राहिलंच नाही. एच₂ओ₂ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, रंग उडवणारं, जंतू मारणारं वेगळंच संयुग. सूत्रातला खालचा छोटा आकडा ही त्या पदार्थाची ओळख. त्याला हात लावायचा नाही. सूत्राआधीचा सहगुणक मात्र आपण बदलू शकतो. पाण्याआधी २ लिहा, ऑक्सिजन जुळला. पण आता उजवीकडे हायड्रोजन चार झाले, म्हणून डावीकडच्या हायड्रोजनआधीही २ :

२एच₂ + ओ₂ → २एच₂ओ

मग एकेक अणू बोट ठेवून मोजा. मी अजूनही तसंच मोजतो. (मूलद्रव्यांसाठी अक्षरांची चिन्हं रूढ करणारे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस हे छोटे आकडे वर, घातांकासारखे लिहीत. ते खाली आले नंतर.)

प्रश्न : कंस कधी द्यायचा?

उत्तर : एकाहून अधिक अणूंचं मूलक (म्हणजे ओएच सारखा एकत्र वावरणारा अणूंचा गट) सूत्रात एकापेक्षा जास्त वेळा येतं तेव्हा. सीए(ओएच)₂, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, यातला कंस गाळला, तर २ फक्त हायड्रोजनला लागतो. एनएओएच ला कंस नको.

प्रश्न : चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, पण फुंकतच राहिलो तर पुन्हा नितळ झाली. समीकरण चुकलं का?

उत्तर : नाही, इथे समीकरणं दोन आहेत आणि तुम्ही थांबला नाहीत म्हणून दुसरं दिसलं. फार छान! आधी,

सीए(ओएच)₂ + सीओ₂ → सीएसीओ₃↓ + एच₂ओ

खाली वळलेला बाण म्हणजे अवक्षेप, तेच ते पांढरे बारीक कण. सीओ₂ येतच राहिला की,

सीएसीओ₃ + एच₂ओ + सीओ₂ → सीए(एचसीओ₃)₂

हे बायकार्बोनेट पाण्यात विरघळतं. नितळ झालेलं द्रावण उकळा, दुसरी अभिक्रिया उलटी फिरेल आणि पांढरेपणा परत येईल. फुंकताना निवळी तोंडात ओढली जाणार नाही, एवढं सांभाळा.

प्रश्न : लोहाचं क्लोराइड एफईसीएल₂ की एफईसीएल₃?

उत्तर : लोहाची संयुजा, म्हणजे दुसऱ्या अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता, २ आणि ३, दोन्ही असते. त्यामुळे प्रयोगात काय केलं ते आधी पाहा. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात लोखंड टाकलं तर एफईसीएल₂ आणि हायड्रोजन. तापलेल्या लोखंडावरून क्लोरीन वायू सोडला तर २एफई + ३सीएल₂ → २एफईसीएल₃.