लाइट सारखी जाते-येते, अशा ठिकाणी डेस्कटॉपला कोणता एसएमपीएस घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड घालून नवा डेस्कटॉप जुळवताय. दुकानदार कॅबिनेटसोबत '५०० वॅट'चा एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) हजार रुपयांत देतोय, चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घ्यायचा तर चारेक हजार पडतात. घर नाशिकला सिडकोत, लाइटची ये-जा चालूच, घरात इन्व्हर्टर आहे. तर तीन हजार जास्तीचे कशाला घालायचे?

घालाच. पैसे पुरत नसतील तर ग्राफिक कार्ड एक पायरी खालचं घ्या, पण इथे हात आखडू नका. मी अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनलच्या मेंटेनन्सचं काम करतो आणि ओळखीच्या लोकांचे कॉम्प्युटरही जुळवून देतो. एसएमपीएस कधी ना कधी जाणारच, त्यात विशेष काही नाही. तो जाताना काय करतो, हे महत्त्वाचं. चांगला एसएमपीएस आउटपुट बंद करून गप्प बसतो. हलका एसएमपीएस जाताना मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड, कधीकधी हार्ड डिस्कही सोबत नेतो, आणि त्यातले फोटो कुठलीच वॉरंटी परत देत नाही.

आता खोक्यावरचा वॅटचा आकडा सोडा आणि एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात, म्हणून त्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं. '५०० वॅट' म्हणून विकल्या जाणाऱ्या एका नगावर मी तिथे १६ अँपिअर वाचलंय. बारा सोळे १९२ वॅट. तुमचं कार्ड एकटंच १७० वॅटपर्यंत जातं, प्रोसेसर ७६ पर्यंत. पंखे आणि एसएसडी धरायच्या आधीच २४६ झाले. शिवाय गेममध्ये कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं याहून बरंच जास्त ओढतं. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच जागी ४५ अँपिअरच्या आसपास दिसेल, म्हणजे ५४० वॅट. कार्ड बनवणारी एनव्हीडियाही आरटीएक्स ३०६० साठी ५५० वॅटच सुचवते. पुढे मोठं कार्ड घालायचा विचार पक्का असेल तरच ६५० किंवा ७५० कडे बघा.

त्याच लेबलवर इनपुट '१००–२४० व्होल्ट' असं असायला हवं. मागच्या बाजूला ११५/२३० असा छोटा लाल सरकता स्विच दिसला, तर ते जुन्या धाटणीचं डिझाइन आहे, त्यात ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) नाही, तो नकोच. आपल्या लाइनवर तो स्विच चुकून ११५ वर सरकला तर आवाज होऊन एसएमपीएस जागेवर जातो. १०० ते २४० वाला संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरलं तरी शांतपणे चालत राहतो.

८० प्लस या शिक्क्याच्या ब्राँझ-गोल्ड दर्जांवर फार जीव टाकू नका. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. निम्म्या लोडवर ब्राँझला ८५ टक्के, गोल्डला ९० टक्के गाठावे लागतात. तुमचा कॉम्प्युटर २५० वॅट खात असेल आणि रोज चार तास चालत असेल, तर दोघांत महिन्याला दोन युनिटांचाही फरक पडत नाही. ओव्हरव्होल्टेज, ओव्हरकरंट, शॉर्ट सर्किट, जादा तापमान यांपासूनची प्रोटेक्शन त्यात आहेत की नाहीत, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. ते कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावर वाचा. तिथेच पूर्ण वॅट किती तापमानाला मिळतात तेही लिहिलेलं असतं, ४० किंवा ५० अंश. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा चाळिशी गाठतो आणि कॅबिनेटच्या आत त्याहून गरम असतं, तेव्हा ५० अंशवाला मिळाला तर उत्तम.

लेबलवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही शोधा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होतं हे काम.

आता इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर एसएमपीएस आतल्या कपॅसिटरमधल्या चार्जवर काही क्षण तग धरतो. एटीएक्सच्या, म्हणजे डेस्कटॉपच्या एसएमपीएसच्या, जुन्या मानकाप्रमाणे पूर्ण लोडवर निदान १६ मिलिसेकंद. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये लाइनवरून बॅटरीवर यायला ४० मिलिसेकंदांपर्यंत घेऊ शकतो. पंख्याला आणि ट्यूबला ते कळतही नाही, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा, वेळ बराच कमी होतो. पण इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे लाइनसारखी गुळगुळीत लाट न देता चौकोनी लाट देणारा, असेल तर ॲक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस त्यावर गुरगुरतो, किंवा बंदच पडतो. साइन वेव्ह, म्हणजे लाइनसारखीच लाट, असेल तर चालेल. नसेल तर वेगळा यूपीएस घ्या आणि त्याचेही वॅट बघा, कारण ६०० व्हीएवर साधारण ३६० वॅटच मिळतात. मॉनिटर धरून तुमच्यासाठी १००० व्हीएवाला ठीक.

वळवाचा पाऊस, कडकडाट सुरू झाला की मात्र प्लग सरळ काढून ठेवा. लाइट परत येताना बसणारे झटके यूपीएस थोडेफार झेलतो, जवळ पडलेली वीज नाही.

आणि ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते अर्थिंग. जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या वाड्यांत मी असे थ्री-पिन सॉकेट पाहिलेत की वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही. सिडकोतल्या जुन्या घरांतही दिसतात. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर कॅबिनेटचा पत्रा लाइनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. अनवाणी उभं राहून मागच्या स्क्रूला बोट लागलं की झिणझिण्या येतात, टेस्टरही मंद पेटतो. करंट अगदी थोडा असतो, पण लोक चप्पल घालून बसतात आणि विषय तिथेच सोडतात. एसएमपीएसच्या आत कधी फेजची वायर पत्र्याला टेकली, तर त्या दिवशी चप्पल पुरणार नाही. अर्थ असेल तर फ्यूज किंवा एमसीबी उडतो.

इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे आकडे जवळपास सारखे यायला हवेत, न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्टच. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, सॉकेट उघडूनही बघायला सांगा. काहीजण आतल्या आत न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात, आणि मीटरवर सगळं झकास दिसतं. हे अत्यंत घातक आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटला की कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. तसा तुकडा सापडला तर तो काढून खरी अर्थिंग ओढून घ्या, खर्च झाला तरी.

मॉड्युलर (वायरी सुट्या काढता-लावता येणारा) एसएमपीएस घेतलात तर त्याच्याच खोक्यातल्या वायरी वापरा. दुसऱ्या एसएमपीएसच्या, अगदी त्याच कंपनीच्या जुन्या वायरी सुद्धा खाचेत नीट बसतात, पण आतला पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि हार्ड डिस्क क्षणात जळते. साफसफाईसाठी एसएमपीएस उघडू नका. मोठ्या कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात. जाळीवरची धूळ बाहेरूनच ब्लोअरने काढा.

सेकंड हँड नको. नवा घेताना जीएसटीचं बिल मागा, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या नंबराशी दुकानातच जुळवून बघा. वॉरंटी पाच वर्षांची देणारी मॉडेल याच किमतीच्या आसपास मिळतात, त्यातलं निवडा.