आठव्या वर्षी प्लेट की बाराव्या वर्षी तारा? एका आईचा प्रश्न

मी मुलांची आणि पालकांची समुपदेशक आहे, दातांची डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण दातांवरून घरात जी ओढाताण चालते ती फिरून माझ्याकडे येतेच. प्रश्न साधारण एकच असतो, मूल सात-आठ-नऊ वर्षांचं आहे, पुढचे दात वेडेवाकडे येतायत, एक डॉक्टर म्हणतात आत्ताच सुरू करा, दुसरे म्हणतात थांबा, मोठं झाल्यावर एकदाच तारा लावू. मग आईबाबा रात्र रात्र मोबाइलवर शोधत बसतात आणि आणखी घाबरतात.

मागच्या थंडीत इथल्याच, इंदूरच्या रामबागेकडच्या एक ताई आल्या (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात). सोबत त्यांची ८ वर्षांची मुलगी, तिला इथे गुड्डी म्हणू. ताई बसल्या बसल्या सुरू झाल्या, "मी तर वेडी होऊन राहिली. एक डॉक्टर म्हणतात आत्ता नाही केलं तर उशीर होईल, दुसरे म्हणतात बारा वर्षांची होऊ द्या. सासूबाई म्हणतात अजून दुधाचे दात पडून राहिले, आत्तापासून कशाला पैसे घालता. हे म्हणतात दोनदा खर्च करायचा तर मग दुसऱ्यांदाच करू ना. शाळेत पोरी तिला चिडवतात, कोणाचं ऐकू सांगा." गुड्डी खुर्चीच्या कडेला बसून स्वेटरची चेन वरखाली करत होती.

मी आधी तिच्याशीच बोलले. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, काय आवडतं विचारलं तर लगेच म्हणाली गराडू, तो तळलेला कंद, आणि मग बाबा दरवेळी गरम गरम तोंडात टाकतात, जीभ भाजते आणि मग वरच्या जीरावन मसाल्यामुळे आणखी झोंबते तेव्हा कसे नाचतात ते तिने उठून करूनच दाखवलं. खूप गोड केलं. आणि हसताना तिचा उजवा हात पटकन तोंडावर गेला. तेवढ्यात माझं लक्ष ताईंकडे गेलं, त्याही हसत होत्या आणि त्यांचाही उजवा हात तोंडावर, अगदी तस्साच, बोटं थोडी वाकवून.

मी लगेच काही बोलले नाही. दुसऱ्या भेटीत ताईंना एकट्यांना बोलावलं आणि हे दाखवलं तर त्यांच्या डोळ्यात पाणीच आलं. लग्नाच्या वेळी एका स्थळाकडून निरोप आला होता, मुलगी चांगली आहे पण दात जरा पुढे आहेत. तेव्हापासून एका फोटोत त्या मोकळ्या हसलेल्या नाहीत. आणि शाळेत चिडवतात म्हणजे किती, तर गुड्डीने मला सांगितलं की एकदा एक मुलगी म्हणाली तुझ्या दातातून पेन्सिल जाईल, मग दोघींनी पेन्सिल घालून बघितली, नाही गेली, विषय संपला. तो विषय घरी मात्र तीन महिने चालू होता. ताईंना दोष देत नाहीये मी. आपण जे सोसलं ते लेकराला सोसायला नको, असं कुठल्या आईला वाटत नाही? फक्त त्या घाईत मुलीची खरी गरज आणि आपली जुनी जखम याची गल्लत होते, आणि ती आधी सुटी करायला लागते.

मग व्यवहाराकडे वळलो. मी म्हटलं दोन्ही डॉक्टरांकडे परत जा आणि एकच विचारा, थांबलो तर नेमकं काय बिघडेल? कोणता दात, कोणतं हाड, ते बोट ठेवून दाखवा. हा प्रश्न मी सगळ्याच पालकांना देते, कारण "आत्ता की नंतर" विचारलं की मतं मिळतात आणि "काय बिघडेल" विचारलं की माहिती मिळते.

उत्तरं आली ती ऐकून ताई स्वतःच चकित झाल्या. दोन डॉक्टर दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते! पहिल्यांना काळजी होती एका दाताची, वरचा एक पटाशीचा दात खालच्या दाताच्या मागे बसत होता, म्हणजे दर वेळी तोंड मिटताना खालच्या दातावर आदळत होता आणि तिथली हिरडी खाली सरकायला लागली होती. दुसरे बोलत होते पुढच्या दातांमधल्या फटीबद्दल आणि एकूण वाकड्या रांगेबद्दल. ताईंना टोचत होती ती फट, आणि तिलाच काही करायची गरज नव्हती.

फटीचं असं असतं की ८ ते १० वर्षांच्या बऱ्याच मुलांना ती असते. वरचे सुळे अजून हाडात असतात, ते खाली येताना शेजारच्या दातांच्या मुळांना रेटतात म्हणून दात पंख्यासारखे फाकतात. ११-१२ ला सुळे बाहेर आले की लहान फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. पण उलटा बसलेला दात आपोआप सुळकन पुढे येत नाही, तिथे थांबण्यात नुकसान आहे.

याच चालीवर बाकीचंही बघता येतं. खालचा जबडा पुढे जातोय, वरचा जबडा अरुंद असल्याने चावताना हनुवटी एका बाजूला सरकते, पक्के दात आले तरी अंगठा चोखणं सुटत नाही, दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली आणि जागा बुजतेय, ही कामं लवकरची, कारण हाड अजून वाढतंय आणि त्या वाढीचाच उपयोग करून घ्यायचा असतो. म्हणूनच अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची संघटना सांगते की ७ वर्षांच्या आसपास एकदा तपासून घ्या. तपासून घ्या, लगेच तारा लावा असं नाही, हा फरक लोक विसरतात. उलट वरचे दात नुसते पुढे असतील तर परदेशात मुलांचे दोन गट करून अभ्यास झालेत, लवकर सुरू केलेले आणि किशोरवयात एकदाच उपचार केलेले, शेवटी दोघांचे दात जवळपास सारखेच बसले. लवकरवाल्यांचा एक फायदा मात्र दिसला, पडून-आपटून पुढचे दात तुटायचं प्रमाण कमी झालं. तेव्हा मूल धडपडं असेल, सायकलवरून रोज पडत असेल, तर हेही डॉक्टरांना सांगा. आणि मन ठरत नसेल तर एमवाय हॉस्पिटलजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात दाखवायलाही लाजू नका, तिसरं मत घेतलं म्हणून कोणी रागावत नाही.

गुड्डीचं ठरलं ते असं, त्या एका दातासाठी स्प्रिंगवाली काढता येणारी छोटी प्लेट, काही महिने, बस. बाकी तारांचं पक्के दात आल्यावर बघू, लागतीलच कदाचित, म्हणजे दोनदा खर्च होऊ शकतो हे बाबांना आधीच स्पष्ट सांगून टाकलं. नंतर कळण्यापेक्षा ते बरं.

प्लेट आली आणि तिसऱ्याच आठवड्यात हरवली. शाळेत डबा खाताना काढली, नॅपकिनमध्ये गुंडाळली, नॅपकिन डब्याच्या पिशवीत, घरी ताईंनी चुरगळलेला कागद बघून सुक्या कचऱ्यात टाकला आणि सकाळी गाडी येऊन घेऊन गेली. इंदूरची कचरागाडी थोडीच चुकते. घरात मोठा गोंधळ, गुड्डी रडून रडून लाल, आणि आजी म्हणाली बघा मी सांगत होते. ताईंनी मला फोन केला, "आता काय करू, हिला जबाबदारीच नाही." मी म्हटलं आठ वर्षांची आहे ताई, प्लेट तिच्या तोंडात आहे पण ठरवताना तिला कोणी विचारलं होतं का? कुठे ठेवशील, कोण आठवण करेल, बोलताना जीभ अडखळते तेव्हा वर्गात काय सांगशील? नव्हतं विचारलं. कोणीच विचारत नाही. आणि काढता येणारी प्लेट फक्त घातली तरच काम करते, डबीत पडून नाही.

दुसऱ्या वेळी गुड्डी स्वतः जाऊन लाल रंगाची कडक डबी घेऊन आली, त्यावर स्टिकर लावला, आणि टीचरना स्वतःच सांगितलं की थोडे दिवस माझा स आणि श वेगळा येईल. आजीला रात्री आठवण करायचं काम दिलं, त्यावर आजीचा विरोधच मावळला, रोज साडेनऊला "लाल डबी कुठे गं" सुरू.

पाचेक महिन्यांत दात पुढे आला. फट अजून आहे, तशीच. ताई परवा भेटल्या तेव्हा घरातल्या वाढदिवसाचे फोटो दाखवत होत्या, गुड्डी तोंडभर हसलेली, फटीसकट, आणि तिच्या शेजारी ताईंचा हात अर्ध्यावर आलेला पण तोंडापर्यंत न पोचलेला. गुड्डीला मी विचारलं पुढे तारा लागल्या तर? तिने आधी खात्री करून घेतली की तारा असताना गराडू खाता येतो का. कडक नको, मऊ मऊ बघून खावं लागेल म्हटलं तर जरा विचारात पडली, आणि मग म्हणाली, "निळ्या रंगाचे रबर मिळतात ना त्याला?"