आग विझली की फायरमनचा धोका संपतो का?

नाही, उलट एक मोठा धोका तेव्हाही चालूच असतो, कारण धुरातली केमिकल्स आणि काजळी गणवेशाला, हातमोज्यांना, मानेला चिकटून राहते आणि कातडीतून अंगात जाते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने फायरमनचं काम थेट ग्रुप १ मध्ये, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेल्या गोष्टींच्या गटात टाकलंय, मेसोथेलिओमा (फुप्फुस किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर) आणि मूत्राशयाचा कॅन्सर या दोन्हींचा पुरावा पुरेसा आहे म्हणून. फक्त ग्रुप १ म्हणजे प्रत्येकाला कॅन्सर होणारच असं नाही हं, तो गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती ते नाही. त्यामुळे राख उपसतानाही मास्क काढायचा नाही (इथेच लोक ढिले पडतात), हात-मान लगेच धुवायची आणि मळका गणवेश घरी न्यायचा नाही.