गारगोटीतील 'दोष' आणि 'लेश'

प्रश्न असा आहे : 'नैसर्गिक क्वार्ट्झमधील ट्रेस एलिमेंट्स आणि डिफेक्ट्स' या विषयावरील लेखाला 'नैसर्गिक गारगोटीतील सूक्ष्म मूलद्रव्ये व दोष' असे शीर्षक दिले, तर ते बरोबर ठरेल का? संपादकांना त्यातला 'दोष' हा शब्द खटकतो आहे.

संपादकांना खटकलेला शब्द मी ठेवीन आणि न खटकलेले दोन बदलीन.

'गारगोटी' हा शब्द मला प्रिय आहे. आकाशातून पडते तीही गार आणि चकमकीत ठिणगी पाडते तीही गार, ही अर्थांची जोडी मोठी मौजेची आहे, कारण ग्रीकांनीही पारदर्शक क्वार्ट्झला बर्फाचेच नाव दिले होते आणि इंग्रजीतील 'क्रिस्टल' त्यातूनच आला. मात्र गारगोटी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नदीकाठचा पांढरा गोटा येतो. शिवाय सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात मानाची जागा मुख्यतः झिओलाइट या वेगळ्याच खनिजगटाची आहे, म्हणजे शब्दाचा व्याप आधीच सैल झालेला आहे. 'स्फटिक' हा संस्कृतात नेमका याच खनिजाचा वाचक होता, पण आज मिठाचे आणि साखरेचेही स्फटिकच असतात. तेव्हा शास्त्रीय लेखात 'क्वार्ट्झ' हाच निःसंदिग्ध शब्द आहे.

'सूक्ष्म मूलद्रव्ये' यात अडचण अर्थाची आहे. सूक्ष्म म्हणजे आकाराने लहान. येथे लहान आहे ते प्रमाण. क्वार्ट्झ हे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे खनिज. त्यात शिरलेला ॲल्युमिनियमचा अणू काही सिलिकॉनच्या अणूपेक्षा 'सूक्ष्म' नसतो, तो फक्त दुर्मीळ असतो : दर दशलक्ष भागांत बहुधा दहांच्या घरात, कधी शेकड्यांच्या घरात. त्यातच शेतीच्या मराठीत 'सूक्ष्म अन्नद्रव्ये' म्हणजे जस्त, लोह, बोरॉन वगैरे पिकांचे पोषण, हा अर्थ पक्का रुजला आहे. 'लेशमात्र' मधला 'लेश' प्रमाणाचीच अल्पता सांगतो, म्हणून 'लेशमूलद्रव्ये' म्हणावे. 'अशुद्धी' मात्र नको. सोनाराच्या 'हीण' या शब्दासारखा त्यात मूल्यनिर्णय आहे.

आता 'दोष'. मूल्यनिर्णय तर यातही आहे, असे कोणी म्हणेल, आणि त्याला आधारही आहे. जुन्या रत्नपरीक्षेत बिंदू, रेखा, काकपद (कावळ्याच्या पायासारखी खूण) हे हिऱ्याचे दोष सांगितले आहेत आणि ते किंमत उतरवणारेच आहेत. पण आयुर्वेदातील वात, पित्त आणि कफ हेही 'दोष'च आहेत, आणि त्यांच्यावाचून देह चालत नाही. क्वार्ट्झमधील दोष या दुसऱ्या जातीचे आहेत. अणूंच्या नियमित मांडणीत, म्हणजे स्फटिकजालकात, एखाद्या ठिकाणी नियम मोडला की तो दोष; त्यात निंदा नाही. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसला की एका विद्युत्भाराची तूट पडते आणि ती भरून काढायला जवळच्या पोकळीत लिथियम, सोडियम किंवा हायड्रोजनचा आयन, म्हणजे विद्युत्भारित अणू, येऊन राहतो. पुढे खडकातील किरणोत्सर्गामुळे ॲल्युमिनियमशेजारच्या ऑक्सिजनचा एक इलेक्ट्रॉन निसटला की तेथे प्रकाश शोषणारे केंद्र तयार होते, आणि धुरकट क्वार्ट्झचा रंग तेथून येतो. पुरेसे तापवले की इलेक्ट्रॉन परततो आणि रंग जातो. ॲमेथिस्ट या क्वार्ट्झच्याच प्रकाराच्या जांभळेपणामागे असेच लोह असते. वाळूचा थर उन्हाआड होऊन किती काळ लोटला, हे क्वार्ट्झच्या कणांवरून मोजतात, तेही दोषांच्या सापळ्यांत साठलेल्या इलेक्ट्रॉनांच्या आधारेच. ज्याच्यामुळे रंग येतो आणि काळ मोजता येतो, त्याला 'वैगुण्य' किंवा 'उणीव' म्हणणे मला पटत नाही.

संदिग्धता टाळायची असेल तर 'जालकदोष' म्हणावे. एकाच जागी असलेल्या दोषाला 'बिंदुदोष' हा शब्द सोयीचा आहे, मात्र रत्नपरीक्षेतला 'बिंदू' हा डोळ्यांना दिसणारा ठिपका होता आणि हा अणूएवढा आहे, हे वाचकाला एकदा सांगावे लागेल.

शीर्षकातील 'व' बद्दल आपण विचारलेले नाही, पण खरी गंमत तेथे आहे. जालकात बसलेला ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम हा लेशमूलद्रव्यही असतो आणि बिंदुदोषही. टायटॅनियमच्या प्रमाणावरून तर क्वार्ट्झ घडतानाच्या तापमानाचा अंदाज बांधतात. उलट, ऑक्सिजनची रिकामी जागा हा दोष असतो, पण तेथे परके मूलद्रव्य कोणतेच नसते. आणि क्वार्ट्झमध्ये अडकलेल्या खारट पाण्याच्या थेंबातील सोडियम नमुन्याच्या रासायनिक विश्लेषणात उमटतो खरा, पण तो जालकात नसल्यामुळे दोष ठरत नाही. दोन्ही संज्ञा एकमेकींत थोड्या मिसळतात, पण एक दुसरीत सामावत नाही, म्हणून 'व' राहू द्यावा. शीर्षक असे करता येईल : 'नैसर्गिक क्वार्ट्झमधील लेशमूलद्रव्ये व जालकदोष'. गारगोटी पहिल्या परिच्छेदात एकदा अवश्य आणावी.